दहा शब्द

“लिंबू, खिडकी, घोडा...” आतून हॅनोचा आवाज आला आणि थांबला.

नेड बाहेरच्या बाकावर बसला होता. पुढची पाळी त्याची. उकाड्यामुळे क्लबच्या डॉक्टरणीनं दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. हंगामाच्या आधी प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची ही परीक्षा व्हायची. तिनं दहा शब्द सांगायचे, त्यानं ते परत म्हणायचे. पुढे सामन्यात डोकं आपटलं की पुन्हा हीच परीक्षा. तेव्हाचे गुण आजच्यापेक्षा घसरले, की निदान बारा दिवस मैदानाबाहेर.

“म्हणून आज चुकव,” हॅनोनं त्याला सकाळी बर्फाच्या टबात सांगितलं होतं. “आजच कमी गुण पाड. मग मार लागला तरी गुण तेवढेच भरतात, आणि तू खेळत राहतोस. अकरा वर्षं हेच करतोय मी. बारा दिवस घरी बसलास तर तुझी जागा दुसरा कुणीतरी खाऊन टाकेल, दोस्ता.”

टबातलं पाणी करडं झालं होतं. कुणाच्या तरी जखमेची पट्टी वर तरंगत होती. बोलता बोलता हॅनोनं पुढचे दोन खोटे दात काढले, त्याच पाण्यात विसळले आणि परत तोंडात बसवले. नेडनं मान फिरवली. शाळेत असताना ह्या माणसाचा फोटो त्याच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर होता. डोकं खाली घालून लंबगोल चेंडूवर तुटून कसं पडायचं, ते तो त्याच्याकडे बघून शिकला होता. क्लबातल्या पहिल्याच दिवशी हॅनोनं खांद्यावर हात टाकून ‘दोस्ता’ म्हटलं, तेव्हा त्यानं गावी आईला फोन करून कौतुकानं सांगितलं होतं. तो शब्द आता बुळबुळीत वाटत होता. हॅनो सगळ्यांनाच दोस्त म्हणायचा. कोचला, गवत कापणाऱ्याला, दहा वर्षं शेजारी खेळलेल्या बचावपटूलासुद्धा.

“घोडा... थांब हं. घोडा तर झाला.”

“सावकाश घे,” डॉक्टरीण म्हणाली. “बरं, राहू दे. महिने उलटे म्हण.”

“हे सोपंय. डिसेंबर. नोव्हेंबर. सप्टेंबर...”

फटीतून नेडला त्याचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम. मुठी आवळलेल्या. नाटक करावं तर असं! डॉक्टरणीचं पेन कागदावर थबकलं होतं. ती बिचारी भाबडी बाई ह्या ढोंगाला मान हलवत होती. नेडला दोघांचीही शिसारी आली.

सगळ्यात जास्त आली ती स्वतःची. कारण कुठले चार शब्द गाळायचे ते त्यानंही ठरवून ठेवलं होतं. करार एका वर्षाचा. आतापर्यंत जेमतेम दोन सामने मिळालेले, आणि ते बघायला आई गव्हाच्या शेतांतून चार चार तास गाडी हाकत आली होती. बारा दिवस बाहेर बसणं कुठून परवडणार?

हॅनो बाहेर आला. निघून जाण्याऐवजी तो बाकावर नेडच्या शेजारी बसला आणि चड्डीला तळहात पुसत राहिला.

“कमाल आहे तुझी,” नेड दातओठ खात म्हणाला. “ऑक्टोबर गिळलास! लाज नाही वाटत?”



“नेड!” आतून हाक आली.

नेड उठला. दारापाशी गेला, घुटमळला, मागे वळला. तोंडात कडू कडू झालं होतं, तरी त्यानं विचारलंच.

“सांग ना लवकर. किती चुकवू? तू किती चुकवलेस?”

हॅनो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, एकेक महिना मोजल्यासारखे.

“माझा शेवटचा हंगाम ना हा. बायकोला वचन दिलं होतं, ह्या वेळी खरी परीक्षा देईन,” तो म्हणाला. “आज मी एकही मुद्दाम चुकवला नाही, दोस्ता.”