टीगचा विक्रम

"डोक्याच्या वाटेला जाऊ नकोस. गुडघा धर. उजवा."

म्हातारा डूगनच्या पाहुण्या संघाच्या बसला टेकून उभा होता. डूगनने त्याला लगेच ओळखलं. स्टेडियमच्या दारावरच त्याचा भलाथोरला फोटो होता: हार्लन टीग, अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन सगळ्यांत जास्त यार्ड धावलेला या कॉलेजचा गडी. चाळीस वर्षं तो विक्रम कुणाला मोडता आला नव्हता. आज याच कॉलेजचा प्रुइट तो मोडणार होता. अकराच यार्ड उरले होते.

"विक्रमाला फारच जपता, काका," डूगन खवचटपणे म्हणाला.

"मागच्या शनिवारी तू एकाच्या डोक्यात हेल्मेट घातलंस. टीव्हीवर पाहिलं मी. स्ट्रेचरवरून नेला त्याला."

"पाडणं हेच काम आहे माझं."

"प्रुइटला नुसतं पाडून भागत नाही. या मोसमात डोक्याला मार बसून दोनदा भोवळ आली, तरी उठला. कोच बाहेर काढत नाही. गुडघा गेला की काढावाच लागेल." म्हाताऱ्याने स्वतःचा उजवा गुडघा थोपटून दाखवला. "डावीकडे वळायच्या आधी तो उजवा पाय रोवतो. तेव्हा खाली घुस. नियमात बसतं."

गेल्या वर्षी प्रुइटच्या कोपराने डूगनचे दोन दात गेले होते. तरीही त्याला म्हाताऱ्याची किळस आली. आपण दांडगे असू, पण इतके हलकट नाही, असं त्याला वाटलं.

म्हातारा चार पावलं गेला आणि परत फिरला. "स्टेडियमचं दार कुठल्या बाजूला, पोरा?"

"तुमच्या फोटोखाली," डूगन म्हणाला. भरदुपारी ढोसून आलाय, असं त्याने धरलं.

सामना सुरू झाला. प्रुइट चेंडू छातीशी धरून आला आणि पाच यार्ड घेऊन गेला. पुढच्या वेळी डूगनने त्याला खांद्याने असा हाणला की त्याचं हेल्मेटच उडालं. तरी तीन यार्ड गेलेच. प्रुइट झोकांड्या खात उठला आणि चुकून डूगनच्याच संघाच्या घोळक्यात येऊन उभा राहिला. त्याच्या कोचने पाठीत थाप मारून त्याला परत पाठवला. प्रेक्षक बाकं बडवत होते.

आता तीन यार्ड हवे होते. प्रुइट पुन्हा सुसाट आला. डोकं अगदी समोर होतं. डूगनला आपले दात आठवले.

प्रुइटने उजवा पाय रोवला. डूगनने ऐन वेळी अंग खाली झोकलं आणि खांदा गुडघ्यावर घातला. फाटकन आवाज झाला. प्रुइट गुरासारखा ओरडला. त्याचा पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि चेंडू चिखलात पडला होता. एकही यार्ड मिळाला नव्हता.

डूगन उठून मागे सरला. तेवढ्यात कठडा ओलांडून टीग मैदानात आला. त्याला कुणीच अडवलं नाही. आता हा हलकट जवळ येऊन मजा बघणार, या विचाराने डूगनने मूठ आवळली.

म्हातारा चिखलात बसला. मोडलेल्या पायाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. प्रुइटचं तोंड त्याने दोन्ही हातांत धरलं.

"तीनच यार्ड राहिले हो," प्रुइट रडत म्हणाला.

"राहू देत. माझ्याकडे बघ. मी कोण, सांग."

"असं काय विचारता? माझे आजोबा ना तुम्ही!"