दुखणं कुणी आणलं

लेकीचं बाळंतपण करायला कांताबाई अमेरिकेत आल्या, त्या विमानाच्या बावीस तासांत तोंडावरचा मास्क जेवणापुरताही न काढता. वेस्ट विंडसरच्या घरातही आठवडाभर त्यांनी मास्क लावूनच नातीला मांडीवर घेतलं.

आठव्या दिवशी लेक, प्रणिता, मैत्रिणीकडच्या पार्टीहून खोकत आली. कांताबाईंनी तिच्यापुढे मास्क धरला.

"अगं आई, नुसती ॲलर्जी आहे," म्हणत तिनं बाळाला छातीशी घेतलं.

चार दिवसांनी बाळ हॉस्पिटलात होतं, नाकात ऑक्सिजनची नळी. घरात आधी कोण आजारी होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. प्रणितानं रडून सुजलेले डोळे आईकडे वळवले.

"विमानातून तूच आणलंस ना गं?"

खरं काय ते कांताबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हे ओझं लेकीला जन्मभर पेलवलं नसतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडूनच आलं असेल."

"मग मास्क तरी नीट लावायचा होतास," प्रणिता म्हणाली आणि खुर्ची उचलून पलीकडे जाऊन बसली.