नळाचं स्थळ

पुतळाबाईंनी पायांवर तिसरा तांब्या ओतला आणि दाराआड उभ्या असलेल्या ठकूच्या मस्तकात तिडीक गेली.

पाणी ओट्यावरून ओघळत अंगणात गेलं आणि मातीनं ते गिळून टाकलं. पहाटेपासून ओळीत उभं राहून ठकूनं ते आणलं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. गावानं विहिरीवर पत्रा घालून त्याला कुलूप ठोकलं होतं. घरटी दोन हंडे, मग घरात माणसं कितीही असोत. पाहुणे आले तर त्यांचंही त्यातच भागवायचं. जास्तीची बादली काढली की दुसऱ्या दिवशी त्या घराचं पाणी बंद. राखणदार तर असा खमक्या, की सख्ख्या बहिणीलाही त्यानं रिकाम्या हंड्यानिशी परत पाठवलं होतं. आणि इथं मुलगी बघायला आलेल्या या बाई निवांत टाचा घासत बसल्या होत्या.

त्यांचा मुलगा बन्सी आईच्या वरताण. त्यानं तोंड धुतलं, मान धुतली, कोपरापर्यंत हात धुतले आणि "अजून थोडं" म्हणून तांब्या पुढे केला. प्यायला दिलेल्या पेल्यात तळाशी उरलेलं पाणीसुद्धा त्यानं डोक्यावर थापलं. गोठ्यातली गाय सकाळपासून हंबरत होती. तिच्या वाट्याचं पाणी या बाबाच्या टाळक्यावर गेलं.

पण बोलायची सोय नव्हती. स्थळ आकुर्डीचं होतं. मुलगा कंपनीत कायम झालेला, चाळीत स्वतःची खोली, आणि चाळीला नळ. मध्यस्थानं नळाचं नाव काढलं, तेव्हा ठकूचे वडील गेनबा बसल्या जागी ताठ झाले होते. ठकूला तर त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही. मुलगा काळा की गोरा, हेही तिनं विचारलं नाही. तोटी फिरवली की पाणी. पहाटेची ओळ नाही, राखणदाराची बोलणी नाहीत. वयाच्या सतराव्या वर्षी तिला याहून मोठं सुख माहीत नव्हतं. नळाच्या घरची माणसं, त्यांचा हात सैल असायचाच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि चहा घेऊन बाहेर आली.

प्रश्न सुरू झाले. स्वयंपाकाचं पुतळाबाईंनी विचारलंच नाही. शिवणाचं नाही, शाळेचंही नाही.

"पहाटं उठतीस का?"

"व्हय."

"विहीर किती लांब हाय?"

"ओढ्यापल्याड."

"मान दुखती का कधी?"

हा काय प्रश्न झाला? ठकूनं नाही म्हणून सांगितलं, तेही खोटंच. पुतळाबाईंनी तिला जवळ बोलावून मानेवरून हात फिरवला, मग दंड दाबून पाहिला. चाकणच्या बैलबाजारात गिऱ्हाईक असंच चाचपतं. गेनबा मात्र खुशीत होते. हुंडा नको, मानपान नको, लग्नही आम्हीच करून घेतो, असं पाहुणे आल्या आल्या म्हणाले होते. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत, हे गेनबांनी घोळवून घोळवून सांगितलं.

"आता चालून दाखव, बाळ," पुतळाबाई म्हणाल्या.

हे ठरलेलंच असतं. मुलगी लंगडत नाही ना, एवढं बघतात. ठकू पदर सावरून चालायला लागली.

"अशी नगं. डोईवर हंडा घे. भरलेला घे."

घरात भरलेला एकच हंडा उरला होता. ठकू थांबली. "पर तुमच्याकडं नळ हाय ना?" मुलीनं उलट विचारायचं नसतं. गेनबांनी घसा खाकरला.

"नळ हाय की," पुतळाबाई म्हणाल्या. "पाणी न्हाई त्याला. दुष्काळ पडल्यापासनं कोरडा पडलाय. रुळापल्याडनं आणावं लागतं."

म्हणजे हात सैल नव्हताच. कित्येक दिवसांनी पाय धुवायला मिळाले होते, एवढंच. ठकूला हसावं की रडावं कळेना. ती आत गेली आणि हंडा घेऊन आली. पण डोक्यावर घेतला नाही. तो तिनं बन्सीच्या पुढ्यात ठेवला.

"आधी तुमी चालून दाखवा."

गेनबांच्या हातातला चहा तसाच राहिला. पोरीनं घराण्याचं नाव घालवलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आता मुलगा तरातरा निघून जाणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बन्सी उठला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं पिळला, सफाईनं चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि एका दमात हंडा वर घेतला. अंगणाच्या टोकाशी जाऊन तो परत आला. थेंब सांडला नाही.

बाप्या माणसानं डोक्यावर हंडा घेतलेला त्या गावात कुणी पाहिला नव्हता. पुतळाबाईंनी लाजेनं मान खाली घातली. ठकूचा राग मात्र झरझर उतरला. असा नवरा असेल तर कोरडा नळही चालेल, असं तिच्या मनात आलं.

"तुमाला तर समदं येतंय," ती हळूच म्हणाली.

"कामावरनं आलो की रोज मीच आणतो," बन्सी हंडा उतरवत म्हणाला. बिचारा मनापासून बोलत होता. "आता लई जीव विटलाय. म्हणून तर बायको बघतोय."

ठकूनं हंडा उचलून कमरेवर घेतला.

"त्याला बायको कशाला?" ती म्हणाली. "सायकल घ्या की. दोन्ही अंगाला हंडे बांधता येत्यात."