बाबांची गुणगुण

बाबांना जाऊन महिना झाला, तरी घरातली ती खर्जातली घूं-घूं भर दुपारी पुन्हा सुरू झाली आणि लेक चक्रावली. लहानपणी तिला या आवाजाची भारी धास्ती. पण तिचं तोंड रडवेलं होतंय न होतंय तोच, वह्या शिवत बसलेले बाबा म्हणायचे, "अगं वेडाबाई, मीच तो. काम करताना गुणगुणतो." की तिची भीती पळायची. मोठी झाल्यावर तीच त्यांना दटावायची, "बाबा, आवरा तुमची मैफल." ते निमूट म्हणायचे, "चुकलो बाई."

तिने बोलावलेल्या वायरमनने मेन स्विच बंद केला. फ्रीज गप्प झाला, आवाज मात्र ढिम्म. "ताई, हा तुमच्या घरातला नाही. कुठून येतो, देव जाणे," म्हणत तो गेला.

"आई, म्हणजे बाबा गुणगुणत नव्हते?"

"ते कसले गुणगुणतायत," आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "छापखान्यातल्या यंत्रांनी कान नेले होते त्यांचे. समोरून बोललेलं तेवढं कळायचं. हा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नाही."

"मग तो सुरू झालाय, हे त्यांना कळायचं कसं? मी बोलायच्या आत म्हणायचे, मीच तो."

"तुझ्या तोंडाकडे बघून," आई म्हणाली. "सुईकडे लक्ष असायचं कुठे त्यांचं."