खिळ्यावरची चावी

"आई, दोन शब्द बोलायचेत तुला. नाही म्हणू नकोस हं," अदान कानाशी कुजबुजला आणि एलोइसा धास्तावली. एवढ्या लोकांपुढे तोंडून भलतंच काही निघालं म्हणजे?

सान ऑरेलियोच्या नगरभवनात भर दुपारी अख्खं गाव लोटलं होतं. वेंडेल हॉस्किन्स आज निवृत्त होत होते. पोलीस शिपाई म्हणून लागले, शिपाई म्हणूनच निघाले. का, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एलोइसाच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं होतं, मक्याच्या पानात उकडलेले चार डझन गरम तमाले. गळ्यात, नेहमीसारखी, फितीत ओवलेली गाडीची चावी.

"अगं, ती गाडी भंगारात जाऊन आठ वर्षं झाली," शेजारची लुपे म्हणाली. "आता तरी काढ की!"

"माझ्या मानेला जड होत नाही, तुझ्या डोळ्यांना का होते?"

अदान माईकपाशी गेला. आता तो वकील होता, जरा पोटही सुटलं होतं.

"बावीस वर्षांपूर्वी मी एकोणीस वर्षांचा गाढव होतो," तो म्हणाला. "दोस्ताचा नशेचा माल आईच्या गाडीच्या डिकीत लपवला. कुणीतरी चुगली केली. मी टायरच्या दुकानात कामावर, आई घरात एकटी, आणि हॉस्किन्ससाहेब दारात. हातात झडतीचं वॉरंट नाही. पण माल सापडला आणि मला अटक झाली. दहा वर्षं आत जाणार हे ठरलेलंच होतं. कोर्टात सरकारी वकिलाने साहेबांना विचारलं, 'घरच्यांनी झडतीला संमती दिली होती ना?' नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर माझा खेळ खलास. पण साहेब म्हणाले, 'नाही. मी विचारलंच नाही. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची चावी मीच काढली आणि डिकी उघडली. चूक माझी.'"

लोकांच्या माना साहेबांकडे वळल्या.

"बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा कोर्टात चालत नाही. न्यायाधीशांनी तो बाजूला काढला आणि मी घरी आलो. साहेबांची बढती मात्र कायमची गेली. आई तर तेव्हापासून चावी खिळ्याला लावतच नाही, गळ्यात घालून फिरते!" लोक हसले. अदान साहेबांकडे वळला. "आज मी नव्या पोलिसांना झडतीचा कायदा शिकवतो. पहिल्याच तासाला सांगतो, शपथेवर बोलायचं तर हॉस्किन्ससारखं बोला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोलीसप्रमुखांनी पितळी पाटी साहेबांच्या हातात ठेवली. तिच्यावर कोरलं होतं, 'सत्याला जागलेला माणूस'.

"वेंडेल, लेका, जरा खोटं बोलायला शिकला असतास तर आज माझ्या खुर्चीत असतास!" प्रमुख हसत म्हणाले.

हॉस्किन्स कानापर्यंत लाल झाले. "पुरे करा रे आता," एवढंच म्हणाले आणि बुटांकडे बघत राहिले.

माईक एलोइसापुढे आला. चावी तिने मुठीत घट्ट धरली होती. त्या दिवसाबद्दल ती कधी कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. कोर्टानेही तिला बोलावलं नाही. साहेबांच्या साक्षीनंतर तिची गरजच उरली नव्हती. दर नाताळात चौकीवर तमाले नेऊन द्यायची, डोळे पुसत परत यायची, बस्स.

"साहेब," ती म्हणाली, "देवाने मला हा पोरगा एकदा दिला. दुसऱ्यांदा तुम्ही दिलात. माझी नातवंडं तुमच्यामुळे आहेत. हे उपकार कसे फेडू, मला कळत नाही." तिने माईक बाजूला सारला. अदानने तिला जवळ घेतलं.

कार्यक्रम संपला. अदान गाडी आणायला गेला. नगरभवनाच्या पायरीवर ती आणि साहेब, दोघंच उरली. एलोइसाने तमाल्यांचं पातेलं साहेबांच्या बाजूला ठेवलं. मग गळ्यातली फीत काढली आणि चावी त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली.

"बावीस वर्षं वागवली. आता तुमच्यापाशी असू द्या."

हॉस्किन्सनी मूठ उघडून चावीकडे पाहिलं. अदानची गाडी वळणावर दिसली, तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"सेन्योरा, ही दुसऱ्यांदा माझ्या हातात देताय तुम्ही. पहिल्या वेळी म्हणाला होतात, 'खुशाल उघडा साहेब, माझं पोर तसं नाही.'"