होकार

टेलरने कप्तानचा दंड धरला, पाहुण्यांतून वाट काढत त्याला मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. शिलाई मशीन, कापडाचे तागे, भिंतीला टेकवलेला आरसा. टेलरची आज पन्नाशी. भरदुपारी अर्धी गल्ली घरात लोटली होती आणि गाण्यांचा धडधडाट बंद दारातूनही आत येत होता.

कप्तान काही खरा कप्तान नव्हे. बावीस वर्षं तो जहाजाच्या तळाशी इंजिनाला तेल घालत होता. नाव दोस्तांनी ठेवलेलं, चेष्टेत, आणि तेच चिकटलं. वर्षाकाठी दोन महिने सुट्टी. यंदाही आल्या आल्या आठ दिवस तो नुसता झोपला. मग दोस्तांच्या घोळक्यात बसला, पत्ते कुटले, पोट दुखेस्तोवर हसला. एक गोष्ट मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. इंजिनाने त्याचे कान खाल्ले होते. डावा पुरता गेला होता, उजवा जाण्याच्या बेतात होता. कंपनीच्या डॉक्टरला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी नारळ. म्हणून चारचौघे हसले की तो हसायचा, समोरचा गंभीर झाला की हाही गंभीर. ओठांच्या हालचालींवरून तो बरंच ओळखायचा.

पण टेलरचे ओठ हलतील तर ना! जन्मभर तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस. टाचण्या नसल्या तरी तो मिटल्या तोंडानेच बोलायचा.

टेलर स्टुलावर बसला आणि मान खाली घालून बोलत राहिला. बराच वेळ. कप्तानने उजवा कान पुढे केला. 'पोरगी' एवढं कळलं. मग 'तूच' असं काहीतरी. पोरीच्या लग्नाबिग्नाचं असेल, कप्तानला वाटलं. अजून शाळेत आहे, पण बापाला घाई. शेवटी टेलर थांबला आणि त्याने वर पाहिलं. काहीतरी विचारलं होतं, एवढं नक्की.

"हो रे! हे काय विचारणं झालं?" कप्तान म्हणाला. "तू अगदी बिनघोर राहा."

टेलर उठला आणि त्याच्या गळ्यात पडला. सोडेचना. त्याच्या पाठीची हाडं कप्तानच्या हाताला लागली. पन्नाशीत माणूस हळवा होतो म्हणतात, ते खोटं नाही, असं मनाशी म्हणत कप्तानने त्याला दोनदा थोपटलं.

बाहेर आल्यावर टेलरच्या बायकोने वाढता वाढता त्याला गाठलं. "भाऊजी, काय जादू केलीत हो? दोन महिन्यांत आज पहिल्यांदा त्यांनी ताटात मागून घेतलं."

कप्तान हसला. जेवला. हात धुवायला मागच्या नळावर गेला, तर तिथे गुरुजी उभे. हा त्या दोघांचा तिसरा दोस्त, शाळेत शिकवायचा. वर्गात ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की तो कुजबुजला तरी भिंतीपलीकडे जावा.

"सांगितलं ना त्याने तुला?"

"काय?"

"आता माझ्यापासून कशाला लपवतोस? मलाही माहीत आहे. पोटातली गाठ. डॉक्टरांनी हात टेकलेत. फार तर चार महिने म्हणतात." गुरुजींनी रुमालाने नाक पुसलं. "वहिनींना अजून पत्ता नाही. मला म्हणाला, कप्तान सुट्टीवर येऊ दे, पोरीसाठी जे मागायचं ते त्याच्याकडेच मागेन. आणि आत्ता येऊन म्हणतो, शब्द दिला रे त्याने, आता मी सुटलो. मोठं काळीज आहे बाबा तुझं."

नळ वाहत होता. कप्तानचे हात तसेच त्याच्याखाली होते.

"काय मागितलं त्याने?"

गुरुजी त्याच्याकडे बघतच राहिले. "मला कसं ठाऊक असणार? ते तुम्हा दोघांतलं."

कप्तान ओल्या हातांनीच आत गेला. त्याने ठरवलं होतं. सांगून टाकायचं. मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. नोकरी गेली खड्ड्यात. टेलर पाहुण्यांच्या मधोमध बसला होता. त्याची पोरगी त्याच्या डोक्यावर कागदी टोपी चढवत होती, ती सारखी कानावर घसरत होती आणि टेलर लहान पोरासारखा खिदळत होता. कप्तान उंबऱ्यातच थांबला. आताच्या आता त्या माणसाचं हसू कोणत्या तोंडाने काढून घ्यायचं? उद्या बघू, तो मनाशी म्हणाला. उद्या सकाळी दुकानात गाठू.

कुणीतरी केक आणला. कुणीतरी गाणी बंद केली. खोली एकदम शांत झाली.

टेलरला कप्तान दिसला. टोपी सावरत तो गर्दीतून आला, दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या उजव्या कानाशी वाकला. दिवसभरात पहिल्यांदाच कप्तानला त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"रागावू नकोस कप्तान. तुझ्यावर भरवसा नाही असं नाही. पण मघाशी तू जे कबूल केलंस ना, ते एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. म्हणजे रात्री झोप लागेल मला."

कप्तानने तोंड उघडलं.

टेलर वाट बघत होता. त्याच्या मागे, केकची सुरी हातात धरून, त्याची पोरगी दोघांकडे बघत उभी होती.