सिसिफसचा गोळा

लेकीची चाकांची खुर्ची ढकलत स्तामातिस रोज बंदरावरून वरच्या शाळेपर्यंतचा चढ चढायचा. वाटेत कॉफीच्या दुकानापुढे सोंगट्या आपटत बसलेल्या म्हाताऱ्या लेफ्तेरिसच्या जिभेला हाड नव्हतं. "काय सिसिफस! धोंडा ढकलायची देवांची शिक्षा अजून संपली नाही वाटतं?"

'धोंडा' हा शब्द पोरीच्या कानावर पडू नये म्हणून स्तामातिस मान खाली घालून झपाझप पुढे व्हायचा.

एके दिवशी वरच्या वळणावर इवान्थियानंच त्याला थांबवलं. "बाबा, तो शेणकिडा बघ."

लांब पायांचा एक काळा किडा आपल्याहून मोठा गोळा चढावरून ढकलत होता.

"शास्त्रज्ञांनी त्याचं नाव काय ठेवलंय, माहितीये? सिसिफस."

स्तामातिसचा चेहरा उतरला. "म्हणजे बिचाऱ्यालाही शिक्षाच."

"शिक्षा कसली, बाबा? त्या गोळ्यात त्याचं पिल्लू वाढतं."

दुसऱ्या दिवशी दुकानापुढून नेहमीची हाक आली, "काय सिसिफस!"

स्तामातिसनं पहिल्यांदाच ओ दिली, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशी.